पिशवी

खांद्यावर चामड्याची पिशवी.
रोज रात्री खानापूर डेपोत ती उलटी करते,
दहाच्या नोटा वेगळ्या, वीसच्या वेगळ्या,
चिल्लर मोजते, मशीनशी जुळवते,
दोन रुपये कमी आले तर पदरचे घालते.
कुणी म्हणत नाही,
पिशवीच टाकून दे की गे भारता.

दुसरीबद्दल सगळ्या म्हणतात.

महिन्यातले अकरा दिवस.
एका फेरीला एक पॅड, वर जुन्या लुगड्याची घडी,
आणि तरी सीटवर टेकायची हिंमत नाही.
गाठी पडायच्या, पिकल्या जांभळाएवढ्या.
दांड्याला धरून उभी राहायची,
गाडी वळली की डोळ्यांपुढं काळं.

गाडी सगळी बायकांची. शून्य रुपयांचं तिकीट.
देसूरची सुंठणकर काकू तिकीट घेताना तोंडाकडं बघून म्हणाली,
"पांढरीफटक झालीस की.
काढून टाक. पोरं झाली, आता काय ठेवायचंय त्यात?"
तिची काढलेली. जावेची काढलेली.
सुनेची तर एकोणतिसाव्या वर्षी.
ती सून मागच्या बाकावर
डिसेंबरात खिडकी उघडून घाम पुसत होती.
तिला कुणी काही विचारत नव्हतं.

रक्त सहा पॉइंट दोन.
बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टर हिरेमठ
मराठी जपून बोलायच्या, खड्डा चुकवत चालल्यासारखं.
मधेच कन्नड शब्द यायचा: गर्भकोश.
कोश.
मला शाळेतला शब्दकोश आठवला,
सुतार गुरुजींच्या कपाटातला, पाठीला खाकी कागद लावलेला.
तो कुणी न उघडता रद्दीत घातला नव्हता.

"आधी आत बघू," त्या म्हणाल्या.
पेनाएवढी दुर्बीण, तपासायला एक तुकडा.
वाईट काही नाही.
औषधाची टी बसवली,
ती तिसऱ्या महिन्यात रक्ताबरोबर निघून आली.
शेजारच्या खाटेवर नसीमा होती, तिला गाठी,
तिच्या मांडीतून, की मनगटातून, बारीक नळी घालून
गाठीचं रक्त बंद करणार होते.
मला गाठी नव्हत्या.
मला फुगा.
आत घालायचा, गरम पाण्यानं फुगवायचा,
अस्तर जाळायचं, काढून घ्यायचा.
"मूल हवं असलं तर हे नाही.
आणि पुन्हा सुरू होणारच नाही, असंही नाही."
असं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"किती वेळ?"
"आठ मिनिटं."
मच्छे ते उद्यमबाग, ट्रॅफिक नसला तर.

फॉर्म कन्नडमध्ये.
मला येतं वाचायला,
सतरा वर्षं त्याच अक्षरांतली गावं ओरडते,
पण त्या कागदावर एकही गाव नव्हतं.
नर्सनं ओळीओळीवर बोट ठेवून सांगितलं.
सही मराठीत केली.
डॉक्टरांनी ती वाचली, जोडाक्षराला अडखळल्या,
मग नाव बरोबर उच्चारलं.

भूल उतरताना ओठातल्या ओठात
मी म्हणत होते म्हणे,
पुढं सरका, पुढं सरका.

संध्याकाळी घरी सोडलं.
पोटात पिळवटत होतं, मोठा न्यायला येतो म्हणाला,
पण मी माझ्याच गाडीनं निघाले.
मल्लाप्पानं शून्याचं तिकीट काढून दिलं,
मी पाकिटात जपून ठेवलं.
आणि बसले.
खिडकीशी, पाठ टेकून,
माझ्याच गाडीत, किती वर्षांनी.
पिरनवाडीला कुणीतरी थांबा मागितला,
माझा हात आपसूक दोरीकडं गेला.
तिथं दोरी नव्हती.

पुढं काही आठवडे नुसतं पाणी गेलं.
नंतरच्या महिन्यात डाग, तोही पुसट.
त्याच्या पुढच्या महिन्याचं अजून कळायचंय.

"काढलीस?" काकूनं विचारलं.
"आहे."
"आं?"
"आहे म्हटलं. जागेवर."
सुनेनं खिडकीकडून मान वळवली.
मी तिच्या तिकिटाच्या पाठीमागं
दवाखान्याचा वार लिहून दिला,
मंगळवार, सकाळी नऊ,
घाम येतो ते सांग म्हटलं,
आणि पुढच्या बाकाकडं वळले.